आल्यागेल्याचं पातेलं

मुरुड सोडलं त्या दिवशी मी तांब्याच्या घंगाळात बसून लातूरला गेले. सांगितलं की लोकांना थट्टा वाटते, पण खरंच आहे. आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, दुकानातली सगळी भांडी ट्रकमध्ये भरली होती, एकात एक घालून, मधे गवत कोंबून, म्हणजे पोचे पडू नयेत. आई धाकट्या भावाला मांडीवर घेऊन पुढं ड्रायव्हरजवळ बसली. मागं आप्पा आणि मी. बसायला जागा उरली नव्हती, तेव्हा आप्पांनी सगळ्यात मोठ्या घंगाळात गोणपाट अंथरलं आणि म्हणाले, "बस हितं. भांड्याला धक्का लागू दिऊ नको. तुला लागला तर चालंल."

पेठेतली माणसं निरोप द्यायला आली होती. कुणी रडलं वगैरे नाही. लातूर काही लांब नव्हतं, एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी माघारी येता येत होतं. शेजारचा किराणावाला मात्र आप्पांना म्हणाला, "गेलेलं माणूस माघारी येत नसतंय, आप्पा. बस येती." त्या वेळी आम्ही हसलो. आज तुम्हा मुरुडच्या मंडळींसाठी, आणि माझ्यासारख्या इकडंतिकडं पांगलेल्यांसाठी हे लिहिताना त्या बोलण्याचा राग येतो. कारण तो बरोबर बोलला होता आणि बरोबर बोलणाऱ्या माणसावर रागावण्याची माझी जुनी खोड आहे.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. उस्मानाबादपासून वेगळं निघालं, नव्या कचेऱ्या आल्या, साहेब लोक आले आणि आप्पांच्या डोक्यात एक गणित बसलं. जिल्हा झाला म्हणजे सगळं मोठं होणार. रस्ते मोठे, घरं मोठी, लग्नं मोठी, मग भांडीही मोठीच लागणार. त्यांनी मुरुडचं दुकान आवरलं, लातूरला भाड्यानं गाळा घेतला आणि पंगतीची पातेली, हंडे, घंगाळं असा माल भरला. आई म्हणाली होती, "आधी चार म्हयने बघा तरी." आप्पा म्हणाले, "बघत बसलेल्याला मुरुडच बरं हाय."

आता आप्पांच्या दुकानातली एक रीत सांगते. तुमच्यातल्या जुन्यांना ती ठाऊकच आहे. बाई दुकानात आली आणि "मोठं पातेलं दाखवा" म्हणाली, तर आप्पा जागचे हलत नसत. ते विचारत, "घरात माणसं किती?" बाई म्हणे, पाच. मग आप्पा उठत आणि सहा माणसांचं पातेलं काढत. पाच म्हणाली तर सहाचं, आठ म्हणाली तर नऊ-दहाचं. कुणी नव्या बाईनं विचारलं की हे जरा जास्त होतंय, तर म्हणत, "आल्यागेल्याचं नको का धरायला? पाव्हणा काय इचारून येतो व्हय?" आमच्या दुकानात भांड्याला लहान-मोठं अशी विशेषणं नव्हतीच. माणसं होती, आणि प्रत्येक भांड्यात एक माणूस वरचा होता, जो अजून आलेला नव्हता.

लातुरात ही रीत आपटली. नव्या कचेऱ्यांत बदलून आलेले लोक बिऱ्हाड मागंच ठेवून आले होते. एका खोलीत दोघं-तिघं राहायचे. "माणसं किती?" विचारलं की चष्म्यातला कारकून म्हणायचा, "मी एकटाच." आप्पांना ते ऐकूनच कसंतरी व्हायचं. एकट्याचं पातेलं त्यांच्याकडं नव्हतंच. ते दोघांचं द्यायचे, गिऱ्हाईक म्हणायचं यापेक्षा लहान नाही का, आणि समोरच्या दुकानात जाऊन जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं घेऊन जायचं.

त्यात दुष्काळ पडला. नळाला पाणी कधी येईल ते देवालाही ठाऊक नसे. शहरभर सगळ्यांना एकच वस्तू हवी होती, टिपाड. पाणी आलं की भरून ठेवायला प्लास्टिकचं भलंमोठं टिपाड आणि टँकरपाशी पळवायला प्लास्टिकची हलकी घागर. समोरच्या दुकानदारानं फूटपाथवर टिपाडांची रांगच लावली. आई रोज सांगायची, आपणही ठेवू. आप्पांचं एकच, "पिलास्टिकवर नाव घालता येत न्हाई. ज्याच्यावर नाव न्हाई ते भांडं कुणाचं?" मग त्यांचा तो छोटा हातोडा आणि खिळा घेऊन ते कुणाच्या तरी तांब्यावर नाव घालत बसायचे, टकटक टकटक, आणि दुकानात माशी फिरकायची नाही. मला तो आवाज नकोसा व्हायचा. अभ्यासाच्या वेळी तर डोकंच उठायचं.

त्या दुष्काळात आणखी एक गोष्ट झाली. ती मला कळली तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. पाहुणे येणं बंद झालं. कुणी भांडून नाही, कुणी ठरवून नाही. कुणाच्या घरी गेलं की त्या बाईला तांब्याभर पाणी पुढं करावं लागतं, आणि ते तिनं कुठून आणलं हे आपल्याला माहीत असतं, म्हणून माणसं आपली आपणच जायची थांबली. मुरुडची आत्या यायची थांबली. उदगीरचे मामा थांबले. आईनं मोठं पातेलं माळ्यावर टाकलं. आप्पा मात्र गिऱ्हाइकाला सहाचंच काढून देत राहिले. आई वैतागून म्हणायची, "अवो, पाव्हणा हाय कुठं? कुणासाठी इकायलाव?" आप्पा फडक्यानं भांडी पुसत.

दुकान कसंबसं तगलं, पुढं भावानं त्यात स्टील आणि शेवटी प्लास्टिकही आणलं. मी मात्र इंग्रजीकडं वळले. आमच्या गल्लीत इंग्रजी म्हणजे गडावर चढायची शिडी होती. नांदेडला होस्टेलवर राहून मी इंग्रजीत एम.ए. केलं. माझी खोलीतली मैत्रीण देगलूरची, घरात तेलुगू बोलणारी. मोठ्याला पेद्दा, लहानाला चिन्ना. ती म्हणायची, जगात एवढे दोन शब्द पुरतात. आम्ही परीक्षेला तीनतीनशे वर्षांपूर्वीची नाटकं पाठ केली, त्यांच्यावर पानंच्या पानं लिहिली. निकाल लागला तेव्हा आप्पांनी दुकानासमोरून जाणाऱ्याला थांबवून सांगितलं, "आमची शैला विंग्रजीत एमे झाली." बाहेरच्या पाटीवरचं इंग्रजी मीच लिहून दिलं. त्यातली चूक सांगणारं लातुरात कुणी नव्हतं, असलं तरी बोललं नाही.

लग्न होऊन इंग्लंडला निघाले तेव्हा आप्पांनी मला दुकानात बोलावलं आणि गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "तिथं माणसं किती?" मी म्हटलं, दोघंच. त्यांनी पितळेचं, आतून कल्हई केलेलं पातेलं काढलं. चांगलं पाच जणांच्या भाताचं. त्यावर नाव घातलेलं होतं, 'चि. शैलास, आप्पांकडून'. माझ्या नवऱ्यानं बॅग दुकानातल्याच काट्यावर ठेवली, वजन जास्त भरलं, आणि पातेलं आप्पांच्या देखत बॅगेतून निघालं. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. माळ्यावर ठिवतो. नेशील कवातरी." नवऱ्याचं काही चुकलं नव्हतं. पण काटा आप्पांचाच होता याची चीड मला विमानात बसेपर्यंत जात नव्हती.

लेस्टरला मी पहिली काही वर्षं एका घरगुती सामानाच्या कंपनीच्या गोदामात पॅकिंग करत होते. नशिबाचा खेळ बघा, भांडीच. कप, बशा, सॉसपॅन. फक्त आपल्याकडं मधे गवत असायचं, इथं बबलरॅप. गोदामात हीटिंग म्हणजे नावाला, पाय बर्फ व्हायचे. बरोबर काम करणाऱ्या रमीलाबेन दोन दोन मोजे घालून यायच्या आणि मला म्हणायच्या, तू एम.ए. ना, मग इथं काय करतेस? हा प्रश्न मला रोज झोंबायचा. लातूरला सगळ्यांना वाटत होतं की मी इंग्लंडात इंग्रजीचंच काहीतरी करते आहे. आप्पा फोनवर विचारायचे, "विंग्रजी चालायलंय ना तिथं?" मी म्हणायचे, चालतंय.

मग वरच्या मजल्यावरची एक जागा निघाली. कॅटलॉगमध्ये प्रत्येक भांड्याखाली दोन-तीन ओळी असतात, त्या लिहायच्या. मी अर्ज केला आणि मला नाताळाच्या कॅटलॉगपुरतं घेतलं. जमलं तर पक्कं, नाही तर परत खाली. मला ते टेबल हवं होतं. उबेसाठी हवं होतं, हे खरं. पण त्याहून जास्त अशासाठी, की आप्पांना इतकी वर्षं फोनवर जे सांगत आले ते एकदा खरं व्हावं.

वर माझी साहेबीण होती जीन. साठीची, शांत, नीटस बाई. मी तिच्यावर कधीच ओरडू शकले नाही कारण ती स्वतः कधी आवाज चढवायची नाही. पहिल्याच पानावर तिनं माझ्या 'बिग'खाली रेघ मारली आणि 'लार्ज' केलं. दुसऱ्या पानावर मी शहाण्यासारखं 'लार्ज' लिहिलं, तिनं 'बिग' केलं. मी विचारलं, का? म्हणाली, इथं लार्ज जरा थंड वाटतं. सॉसपॅनला मी 'लिटल' लिहिलं, तर ते लाडाचं झालं, 'स्मॉल' हवं. मुलांच्या वाडग्याला 'स्मॉल' लिहिलं, तर तिथं लाड हवा होता. ग्लास 'हाय' नसतो, 'टॉल' असतो. फळी 'हाय' असते, पण फळ्यांचं कपाट 'टॉल'. मोठ्याच्या जोडीला मोठं लावायचं तर 'ग्रेट बिग' चालतं, 'बिग ग्रेट' नाही. लहानाला 'टायनी लिटल' चालतं, 'स्मॉल लिटल' नाही. आणि हे सगळं मी घोकून, जोड्या लावून, अगदी बरोबर क्रमानं लिहून दिलं तेव्हा तिनं पेन्सिलीनं हळूच सगळंच खोडलं. का, तर या जोड्या बोलण्यात शोभतात, छापील मजकुरात नाही!

नियम काय, असं मी तिला एकदा स्पष्टच विचारलं. तिनं बराच विचार केला. मग म्हणाली, नियम मला माहीत नाही गं, कानाला खटकतं.

कानाला खटकतं! अरे, माझा कान मुरुडचा. त्यात पितळेची टकटक भरलेली. तो आता कुठून बदलून आणू? आपली मराठी काही सोपी आहे असं नाही. मुंग्या 'लहान लहान' असतात आणि डोळे 'मोठे मोठे', हे परक्या माणसाला समजावताना आपलीही त्रेधा उडेल. पण मी परकी आहे हे मला रोज सकाळी नऊ वाजता, पेन्सिलीनं, इतक्या सभ्यपणे कुणी सांगू नये. घरी येऊन मी कणीक अशी तिंबायची की नवरा म्हणायचा, आज जीननं काय खोडलं?

पुढं तर वेगळीच पंचाईत झाली. मला काहीच लिहिता येईना. पॅन समोर ठेवला की तो मोठा दिसायचाच बंद झाला, नुसता बिग की लार्ज एवढंच दिसायचं. कॅटलॉग छापायला जायची वेळ आली. शेवटचं पान राहिलं, एकात एक बसणाऱ्या पाच पातेल्यांचा संच. जीन म्हणाली, हे पान बघून वरचे लोक ठरवतील. चार वेळा लिहून चारही वेळा कागद माघारी आला. रमीलाबेन जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, तुझी खालची जागा अजून कुणाला दिली नाहीये हं. त्या धीर द्यायलाच बोलल्या असतील, मला मात्र रडू फुटलं.

दुपारी आजूबाजूच्या टेबलांशी कुणी नव्हतं. मी ती पाचही पातेली खोक्यातून काढली, एकातून एक, दुकानात काढायची तशी, आणि ओळीनं मांडली. मांडता मांडता माझ्या तोंडून आपोआप निघालं, "माणसं किती?" मग मी खाली बसले आणि सटासट लिहून काढलं. हे एकाचं, सकाळच्या दुधाचं. हे दोघांचं. हे चौघांचं, रविवारच्या सूपचं. हे सहांचं. आणि हे सगळं घर जमेल त्या दिवसाचं. बिग नाही, लार्ज नाही, स्मॉल नाही, लिटल नाही. सगळ्या विशेषणांना एकदम घरी पाठवलं.

जीननं पान वाचलं, पेन्सिल कानामागं ठेवली आणि पहिल्यांदा हसली. हे छान आहे, म्हणाली. मग तिनं खोकं उलटं करून त्यावर छापलेलं माप बघितलं, पुन्हा पान बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. म्हणाली, शैला, हे चौघांचं लिहिलं आहेस ते खरं म्हणजे पाच-सहा जणांचं आहे. दोघांचंही तिघांचं आहे. सगळीकडंच एखादं माणूस कमी धरलं आहेस. माप चुकलं का?

चुकलं नव्हतं. मी विचारच केला नव्हता, हातानंच तसं लिहिलं होतं. मी तिला समजावलं, की घरात चार असतील तर पातेलं पाचाचं घ्यायचं. अचानक कुणी आलं तर? जीन मनापासून गोंधळली. तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "पण लोक येण्याआधी फोन करतात ना?"

माझ्याकडं तरी फोन न करता कोण येत होतं? तिनं एकेक आकडा पेन्सिलीनं नीट केला. दोनाचे तीन, चाराचे पाच, सहाचे आठ. पान वर गेलं, लोकांना आवडलं, नाताळानंतर मला पक्कं केलं. ते टेबल अखेर माझं झालं. खिडकीखाली हीटर होता. मी त्याच्यावर हात ठेवून बसले आणि मला आनंद झाला हे कशाला नाकारू? झालाच. पण आतून मी चिडलेली होते, आणि कुणावर चिडावं ते कळत नव्हतं.

त्या रविवारी लातूरला फोन केला. आप्पांना सगळं सांगितलं, ते पाच पातेल्यांचंसुद्धा. ते खूश झाले. दुकानातल्या कुणाला तरी ओरडून सांगितलं, "शैलीचं काम पक्कं झालं, विंग्रजीचं!" मग जीननं आकडे नीट केल्याचंही सांगितलं.

"म्हंजी पाव्हण्याचं धरलंच न्हाई?"

"न्हाई, आप्पा."

"आन् आला तर?"

मी म्हटलं, इथं विचारून येतात. आप्पा म्हणाले, "इचारून येतो तो पाव्हणा कशाचा? तो तर गिऱ्हाईक." आणि मग हसून त्यांनी फोन आईकडं दिला.

या गोष्टीला खूप वर्षं झाली. त्याच टेबलावरून मी निवृत्त झाले. बिग कुठं आणि लार्ज कुठं, ते आता मला कळतं, म्हणजे खटकतं. नव्या मुली नियम विचारायच्या, तेव्हा मीही तेच सांगायचे आणि सांगताना स्वतःचाच राग यायचा. नवरा गेला. मुलगी एडिंबराला असते, येण्याआधी तारीख कळवते. आप्पाही गेले, आई गेली.

गेल्या वेळी लातूरला जायचं ठरवलं तेव्हा भावाचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. 'ताई, नेमकी कधी येणार ते कळव. नळाला पाणी लई दिवसांनी येतंय, भरून ठेवावं लागेल.' त्यात वाईट काय होतं? काहीच नाही. तो माझीच काळजी करत होता. पण मी तो मेसेज वाचून कितीतरी वेळ चरफडत बसले. ज्या एका गावात न कळवता जाता येईल असं मी इतकी वर्षं धरून चालले होते, तिथंही मला आता तारीख द्यायची होती. मी तारीख कळवली. गेले. भावजयीनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि मी दोनच घोट प्याले, उरलेलं झाकून ठेव म्हटलं. ती म्हणाली, "अवो ताई, प्या की, तुमचं धरून भरलंय." तेव्हा मात्र मी सगळा तांब्या रिकामा केला.

निघताना माळ्यावरून माझ्या नावाचं ते पातेलं काढायला लावलं. भाऊ म्हणाला, "एवढ्या मोठ्याचं काय करशील, एकटी तर हाईस." या वेळी बॅगेचं वजन जास्त भरलं तेव्हा मी बॅगेतले माझे कपडे काढून ठेवले.

आता लेस्टरमध्ये माझ्या स्वयंपाकघरात ते आहे. मी त्यात भात लावते. एकटीपुरता लावायला गेले तर तळाशी दोन बोटंसुद्धा येत नाही, करपतो. म्हणून दोघींपुरता लावावा लागतो. एकीचा वाढून घेते. दुसरीचा झाकून ठेवते, कुणी येत नाही, सकाळी फोडणीला टाकून तोच खाते आणि खाताना रोज कुरकुरते. घर म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी हा झाकलेला भात दाखवीन. नवी शेजारीण एकदा पातेलं बघून म्हणाली, किती मोठं आहे! मोठं नाही, मी म्हटलं, दोघांचं आहे.